मक्याच्या इथेनॉलचे तोटे: अनुभव आणि आकडे दोन्ही हवेत

काळीमाती

आमच्या सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात मका जुनाच आहे, पण अलीकडच्या खरिपांत कपाशी आणि सोयाबीन सोडून मक्याकडे वळणारे एकदम वाढले. कुणालाही विचारा, उत्तर एकच: "इथेनॉलला जातोय, भाव राहणार." भाव मिळाला तर मला आनंदच आहे. पण हे इंधन म्हणून कितपत शहाणपणाचं आहे, यावर मराठीत नीट चर्चा दिसत नाही. म्हणून हा धागा.

थोडा मागचा संदर्भ. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य २०३० साठी होतं. २०२२ मध्ये ते २०२५-२६ वर आणलं. सुरुवातीची सगळी भिस्त उसावर. मग जुलै २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलला देणं थांबलं आणि साखर कमी पडेल या धास्तीनं डिसेंबर २०२३ मध्ये उसाचा रस आणि बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर मुद्दाम ठेवलेली असते ती मळी) यांवर निर्बंध आले. उरला मका. त्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर दिला, बाकी कुठल्याही कच्च्या मालापेक्षा जास्त. बघता बघता इथेनॉलमध्ये सगळ्यात मोठा वाटा मक्याचा झाला.

माझं मत आधीच सांगतो. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल करणं मला पटतं, कारण ती उरतेच. मका मात्र जाळण्यासाठी मुद्दाम पेरावा लागतो. त्यात जमीन, पाणी, युरिया, ट्रॅक्टरचं डिझेल आधी घालायचं, मग दाणा दळायचा, शिजवायचा, आंबवायचा, उकळून अल्कोहोल वेगळं करायचं, आणि शेवटी हातात येतं ते पेट्रोलच्या दोन तृतीयांश ताकदीचं इंधन. अमेरिकेनं हा प्रयोग वीस वर्षं केलाय. त्यांच्या अनुभवातून आपण काही शिकलोय असं मला दिसत नाही.

शेती, पोल्ट्री, गाड्या, डिस्टिलरी यांतली माणसं इथे आहेत. आपापल्या बाजूनं लिहा. माझ्या नजरेतून एखादा मोठा फायदा सुटत असेल तर तोही सांगा.

मधुरा_वि

वाचतेय. पण एक कळलं नाही, 'दोन तृतीयांश ताकद' म्हणजे? इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो असं ऐकलं होतं. मग गाडी उलट जास्त चांगली पळायला नको का?

चक्रधर

@मधुरा_वि, ताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली इंधन अवेळी पेट न घेण्याची क्षमता. तिथे इथेनॉल खरंच वरचढ आहे, पेट्रोलपेक्षा बरंच. पण एका लिटरमध्ये किती ऊर्जा भरली आहे हा हिशोब निराळा. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, म्हणजे ते अर्धवट जळलेलंच समजा.

आता २० टक्के मिश्रणात ही तूट सहा-सात टक्क्यांपर्यंत जाते. इंजिन मुळातून जास्त कॉम्प्रेशनचं बनवलं तर ऑक्टेनच्या जोरावर त्यातली काही भरून निघते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय: जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकींचं ३ ते ४ टक्के, आणि ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी जुळवलेल्या चारचाकींचं १ ते २ टक्के. त्याच आराखड्यात अशा इंधनाला करात सवलत द्या असंही सुचवलं होतं. ॲव्हरेज घटलं हे गिऱ्हाईक रोज सांगतं, दर कमी झाल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरलं, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग पांढरे पडलेले, रबरी नळ्या फुगलेल्या मी हातानं काढल्यात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत ई२० ला टिकणारं साहित्य वापरलेलं आहे, त्यांच्या मालकांनी या बाबतीत घाबरू नये.

गुळपोळी

म्हणजे रोज पिते गाडी आणि नळी फुंकायला लावतात चालकाला :)

तटस्थ

चक्रधर यांचे मुद्दे बरोबर आहेत, पण ते इथेनॉलचे सर्वसाधारण मुद्दे झाले, मक्याचे नाहीत. उसाच्या इथेनॉलनेही ॲव्हरेज तेवढंच घटतं.

काळीमाती, मी थोडी विरुद्ध बाजू मांडतो. आपण कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. तेल महागलं की रुपया घसरतो, सगळंच महागतं. त्यातला थोडा पैसा आखाताऐवजी आपल्या शेतकऱ्याकडे गेला तर बिघडलं काय? शिवाय पाण्याचा हिशोब करायचा तर मका उसापेक्षा कितीतरी बरा. नीती आयोगाचाच आकडा आहे की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. खरिपातला मका तर बहुतांशी पावसावर येतो. मराठवाड्यात ऊस लावण्यापेक्षा मका लावा असं इथेच किती जणांनी लिहिलं होतं!

काळीमाती

@तटस्थ, पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. उसाच्या तुलनेत मका उजवाच. पण तुलना उसाशीच का करायची? 'इंधन म्हणून पीक' या कल्पनेचीच तुलना दुसऱ्या मार्गांशी करू. परकीय चलनावर कुणी सविस्तर लिहील तर बरं. युरिया कशापासून बनतो हे त्यात नक्की यावं.

बॉयलरपाशी

मी धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीत काम करतो, त्यामुळे आतून सांगतो. माझी रोजीरोटी यावर आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

मका दळून पाण्यात कालवतात. एंझाइम घालून वाफेनं शिजवला की स्टार्चची साखळी तुटते, दुसऱ्या एंझाइमनं तिची साखर होते. मग यीस्ट. साधारण दोन-अडीच दिवसांत आंबवण पूर्ण होतं, तेव्हा त्यात १२-१४ टक्के अल्कोहोल असतं. बाकी सगळं पाणी. ते पाणी वेगळं करायला खरी ऊर्जा जाते. आसवणीतून ९५ टक्क्यांपर्यंत जाता येतं, त्यापुढचं पाणी मॉलेक्युलर सीव्हमध्ये काढावं लागतं, कारण पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वरचंच चालतं. एका टनाला साधारण ३८० लिटर उतारा. खाली उरलेला चोथा वाळवला की डीडीजीएस, टनाला तीनशे किलोच्या आसपास. तो पशुखाद्याला जातो. तो वाळवायलाही वाफ लागते, आणि ती कमी नसते.

इथे साखर कारखान्यात आणि आमच्यात मोठा फरक आहे, त्याकडे फार कुणी बघत नाही. कारखान्याला स्वतःचा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड असतं. ऊस आपलं जळण स्वतःबरोबर घेऊन येतो. मका तसं काही आणत नाही. ताटं शेतातच राहतात किंवा जनावरांना जातात. मग आमच्या बॉयलरला कोळसा लागतो, नाहीतर भुस्सा, ब्रिकेट असं बाहेरून विकत आणलेलं जळण. काळीमातींचा मूळ प्रश्न पर्यावरणाचा असेल तर त्यांनी शेताइतकंच बॉयलरकडे बघावं.

फायदा हाही सांगतो: ऊस संपल्यावर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या अर्धं वर्ष बंद राहायच्या, माणसं घरी बसायची. धान्यावरही चालणारा प्लांट असेल तर त्या बाराही महिने चालतात. ग्रामीण भागात ही लहान गोष्ट नाही.

मधुरा_वि

@बॉयलरपाशी, फार छान समजावलंत. हे कधी कुठे वाचलं नव्हतं.

त्रैराशिक

बॉयलरपाशी यांनी दिलेला ३८० लिटरचा उतारा घेऊन हिशोब मांडतो. कुणाला चूक दिसली तर दाखवा.

भारतात मक्याचं सरासरी उत्पादन एकरी १४ क्विंटलच्या आसपास. म्हणजे एकरी साधारण ५३० लिटर इथेनॉल. ऊर्जेत मोजलं तर ३५० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी घेतली तर एक एकर मका गाडीला सव्वापाच हजार किलोमीटर नेतो. यात पेरणी, खत, वाहतूक, कोळसा काहीच वजा केलेलं नाही.

आता त्याच एकरात सौर पॅनेल. एका मेगावॉटला ढोबळपणे पाच एकर लागतात आणि वर्षाला १५ लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. एकरी तीन लाख युनिट. विजेवरची कार युनिटला ६ किलोमीटर धरली तर १८ लाख किलोमीटर. तीनशे पटीहून जास्त!

कुणी म्हणेल सरासरी कशाला, बिहारमधला रब्बी मका बघा, बागायती बघा. ठीक. वर्षात दोन पिकं घेऊन एकरी ६० क्विंटल धरा. तरीही साडेबावीस हजार किलोमीटर, म्हणजे पॅनेल अजूनही ऐंशी पट पुढे. कारण सरळ आहे. पीक उन्हातली जेमतेम एक टक्का ऊर्जा साठवतं, त्यातला फक्त दाणा आपण वापरतो, दाण्यातला फक्त स्टार्च, आणि शेवटी इंजिनमध्ये त्यातली बहुतेक उष्णता वाया जाते. पॅनेल वीस टक्के पकडतं आणि मोटर त्यातलं फारसं वाया घालवत नाही.

तटस्थ

@त्रैराशिक, गणित बरोबर असेल, पण रस्त्यावर आज कोट्यवधी पेट्रोल गाड्या आहेत. त्या उद्या विजेवर जाणार नाहीत. पॅनेलखाली शेतकऱ्याचं काय, बॅटरीचं काय, रात्रीचं काय? इथेनॉल आज, आहे त्या गाडीत घालता येतं. संक्रमणकाळातला उपाय म्हणून तरी त्याकडे बघा.

त्रैराशिक

पॅनेल शेतजमिनीवरच लावा असं मी म्हणत नाही. छतं आहेत, मुरमाड माळ आहेत. मुद्दा एवढाच की जमीन ही आपल्याकडची सगळ्यात दुर्मीळ वस्तू आहे आणि मक्याचं इथेनॉल ती सगळ्यात उधळेपणानं वापरतं.

संक्रमणाबद्दल: एकदा हजारो कोटी घालून डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, कर्जं झाली, की ते संक्रमण संपवायचं कोण? अमेरिकेत काय झालं ते इथल्या कुणीतरी तिकडच्यानं सांगावं.

प्रेअरीवरून

मी बरीच वर्षं आयोवात राहते, मक्याच्या अगदी मधोमध. आयोवा हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त इथेनॉल बनवणारं राज्य.

इथे २००५ च्या कायद्यानं पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणं सक्तीचं झालं आणि २००७ मध्ये लक्ष्य खूप वाढवलं: २०२२ पर्यंत ३६ अब्ज गॅलन. त्यात मक्याच्या इथेनॉलला १५ अब्ज गॅलनची मर्यादा घातली होती. उरलेल्यातला मोठा भाग, १६ अब्ज गॅलन, ताटं-गवत अशा तंतुमय पदार्थांपासून येणार होता. तो आलाच नाही. आयोवातल्याच नेवाडा गावात ड्युपॉन्ट कंपनीनं २०१५ मध्ये ताटांपासून इथेनॉलचा मोठा प्लांट उघडला, २०१७ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. 'संक्रमण' म्हणून आलेला मका मात्र कायमचा राहिला.

आज अमेरिकेच्या मक्यातला सुमारे ४० टक्के इथेनॉलला जातो. तेवढा मका भारताच्या एकूण मका उत्पादनाच्या तिपटीहून जास्त आहे. डीडीजीएसच्या रूपानं त्यातला साधारण एक तृतीयांश खाद्यात परत येतो हेही सांगायला हवं. आणि एवढं करून पेट्रोलमध्ये इथेनॉल किती? दहा टक्क्यांच्या आसपास, ऊर्जेत मोजलं तर सातच टक्के.

पाण्याचं बोलायचं तर मक्याला दिलेलं नत्र सगळं पीक घेत नाही. इथल्या शेतांखाली पाणी काढून टाकणाऱ्या नळ्या आहेत, त्यांतून नायट्रेट थेट नद्यांत जातं. डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेला नायट्रेट काढण्याची वेगळी यंत्रणा चालवावी लागते. २०१५ मध्ये त्यांनी वरच्या भागातल्या निचरा मंडळांवर खटला भरला, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात पाण्यातलं नायट्रेट इतकं वाढलं की हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. हेच पाणी पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जातं आणि तिथे दर उन्हाळ्यात प्राणवायू नसलेला पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. सगळा दोष इथेनॉलचा नाही, पण एवढा मका पेरला जाण्यामागे इथेनॉल हे मोठं कारण आहे.

सह्याद्रीपुत्र

+१. प्रेअरीवरून यांचा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या लायकीचा आहे. पण कार्बनचं काय? तिकडे तर हे 'हरित इंधन' म्हणून विकतात ना?

प्रेअरीवरून

@सह्याद्रीपुत्र, तिथेच सगळ्यात मोठी भांडणं आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या २०१९ च्या अभ्यासात मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा ३९ टक्के कमी हरितगृह वायू सोडतं असं आलं. २०२२ मध्ये लार्क या संशोधकाचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, त्यात उलट: ते पेट्रोलपेक्षा कमी तर नाहीच, किमान २४ टक्के जास्त असण्याची शक्यता आहे. त्याच निबंधानुसार या सक्तीमुळे मक्याचे भाव ३० टक्क्यांनी वाढले.

फरक कुठून येतो, तर जमिनीतून. मक्याला भाव आला की गवताची, पडीक ठेवलेली जमीन नांगराखाली येते आणि मातीत साठलेला कार्बन हवेत जातो. २००८ मध्ये सर्चिंगर या संशोधकांनी हे पहिल्यांदा जोरात मांडलं: तुम्ही इथला मका जाळलात तर त्याची भरपाई म्हणून जगात दुसरीकडे कुठेतरी जंगल तुटतं. ते किती मोजायचं यावर एकमत नाही. जो कमी धरतो त्याचं इथेनॉल हिरवं दिसतं. दुसरी गोष्ट नायट्रस ऑक्साइड. युरिया मातीत पडला की त्यातून थोडा निघतोच, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटीहून जास्त तापवतो. ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुत्झेन यांनी यावरच बोट ठेवलं होतं.

काळीमाती

युरियाचा विषय निघालाच आहे तर तटस्थ यांना उत्तर देतो. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, आणि तो वायू आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. शिवाय तयार युरियाही आणतो. म्हणजे कच्च्या तेलाचं बिल थोडं कमी करायचं आणि वायूचं, युरियाचं बिल वाढवायचं, वर युरियाचं अनुदान सरकारनं भरायचं. हे सगळं वजा करून परकीय चलन किती वाचलं ते कुणी सांगत नाही. वाचवलेल्या तेलाचा आकडा मात्र सगळीकडे छापून येतो.

आणि २०२४ मध्ये मका निर्यात करणारे आपण म्यानमार, युक्रेनकडून मका आणायला लागलो, हे तर सगळ्यांसमोर आहे.

तटस्थ

याला उत्तर आहे. अमेरिकेतल्या फॅरेल आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या विश्लेषणात हेच आलं होतं की मक्याच्या इथेनॉलमागे खनिज तेल फार थोडं लागतं, लागतो तो कोळसा आणि वायू. आपल्याकडे कोळसा देशातलाच आहे. म्हणजे तेलाच्या आयातीपुरतं बघितलं तर फायदा खराच आहे.

बॉयलरपाशी

@तटस्थ, हे मला मान्य आहे, पण मग आपण कोळशाचं पेट्रोल करतोय असं स्पष्ट म्हणावं. 'हरित इंधन' हे नाव काढून टाकावं. दोन्ही एकदम म्हणता येणार नाही.

पंखपसारा

पोल्ट्रीवाल्याचं कुणी ऐकतंय का? कोंबडीच्या खाद्यात ६० टक्क्यांच्या वर मका असतो. २०२४ मध्ये मका किलोला २५ रुपयांच्या पुढे गेला तेव्हा आमच्यासारख्या छोट्या लेअर फार्मवाल्यांचं कंबरडं मोडलं. अंड्याचा दर आमच्या हातात नसतो. मोठ्या कंपन्या आधीच साठा करून ठेवतात, आम्ही आठवड्याला लागेल तेवढा घेणारे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी शेड बंद करून भाड्यानं दिल्या.

वर कुणीतरी लिहिणारच की 'आपल्याकडे मका माणसं कुठे खातात, त्यामुळे अन्न विरुद्ध इंधन हा वाद इथे लागू नाही'. मका माणूस खात नसेल, अंडं तर खातो ना? शाळेतल्या पोराला सगळ्यात स्वस्त प्रथिनं अंड्यातूनच मिळतात.

डीडीजीएस घ्या म्हणतात. घेऊन बघितलं. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, मक्यात जेवढं असेल ते चोथ्यात तिपटीच्या आसपास एकवटतं, कारण स्टार्च निघून जातं आणि विष मागे राहतं. पावसाळ्यातला ओला मका गेला असेल तर चोथा कोंबड्यांना घालायची हिंमत होत नाही. प्रत्येक लॉटची तपासणी करणं लहान फार्मला परवडत नाही.

सह्याद्रीपुत्र

मेक्सिकोत २००७ मध्ये टॉर्टिया महागल्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते, ते आठवलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक प्रतिनिधी झां झिग्लर यांनी अन्नधान्याचं इंधन करणं हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे असं म्हटलं होतं. तेव्हा ते फार टोकाचं वाटलं होतं, पंखपसारा यांचं वाचल्यावर तितकं वाटत नाही.

शिवारकरी

मी मका पिकवतो, म्हणून थोडं कडू लागंल असं लिहितो. पोल्ट्रीवाले भाऊ, तुमचं दुःख खरं आहे. पण मका बाराशे-तेराशेनं विकला तवा आमचं कंबरडं मोडलं होतं, तवा कुणी धागा काढला नव्हता. इथेनॉलमुळं पहिल्यांदा व्यापारी खळ्यावर आला. २०१८ पासून लष्करी अळीनं घेरलंय, पोंग्यात औषध टाकता टाकता माणूस थकतो. खर्च वाढलाय. दोन पैसे जास्त मिळाले तर ते कुणाच्या डोळ्यावर यावेत असं नाही.

पण आता पुढचं ऐका. २०२५ ला हमीभाव क्विंटलला २,४०० केला. समद्यांनी मका लावला, सोयाबीन कमी केलं. आणि माल निघाला तवा बाजार समितीत भाव हमीभावाच्या कितीतरी खाली. का, तर सरकारनं अन्न महामंडळाचा तांदूळ २,२५० रुपये क्विंटलनं पुन्हा इथेनॉलला खुला केलेला. डिस्टिलरीवाला तांदूळ घेईल, उसाचा रस घेईल, त्याला मकाच पाहिजे असं थोडंच आहे. मी सोयाबीनही करतो. चोथ्याचा पशुखाद्यात सुळसुळाट झाल्यानं सोयापेंडीला उठाव नाही, सोयाबीन हमीभावाखाली. म्हणजे एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

पंखपसारा

@शिवारकरी दादा, तुमच्याशी भांडण नाहीच. तुम्हाला भाव मिळालाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की तो आमच्या शेडच्या जिवावर नको, आणि तुमच्या म्हणण्यावरून तर तो तुम्हालाही टिकून मिळत नाही.

गुळपोळी

अवांतर: मक्याची ताटं जनावरांना घालता की जाळता तिकडे? आमच्याकडे कुट्टी करून घालतात, पण शेजारच्या तालुक्यात बांधावर पेटवलेली बघितली.

शिवारकरी

कुट्टीच. मुरघास पण करतात आता बरेच जण. दुधाच्या जनावराला चांगला. जाळणारे जाळतात, मजूर मिळत नाही म्हणून.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालली आहे. पक्षांवर आणि व्यक्तींवर घसरणारे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धोरणावर हवी तेवढी टीका करा.

मधुरा_वि

मला एक विचारायचंय. ब्राझील कित्येक वर्षं इथेनॉलवर गाड्या चालवतंय असं नेहमी उदाहरण देतात. मग तिथे जमलं आणि इथे का नाही?

चक्रधर

ताई, ब्राझीलनं १९७५ पासून हे सुरू केलं, तेही मुख्यतः उसावर. बॉयलरपाशी यांनी लिहिलेला बगॅसचा फायदा त्यांना मिळतो, त्यामुळे घातलेल्या खनिज ऊर्जेच्या सात-आठ पट परत येते असं तिथल्या उसाच्या इथेनॉलबद्दल सांगतात. मक्याच्या बाबतीत हा आकडा अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासांत एक पूर्णांक तीन दशांशाच्या आसपास होता, नव्या प्लांटमध्ये दोनच्या आसपास गेलाय. पिमेंटेल आणि पॅट्झेक हे संशोधक तर २००५ मध्ये म्हणत होते की परत मिळतं त्यापेक्षा जास्तच जातं. ते आज फार कुणी मानत नाही, पण एक घालून दोन मिळणं हीसुद्धा काही अभिमानाची गोष्ट नाही.

आणि ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या. पंपावर माणूस स्वतः ठरवतो, इथेनॉल स्वस्त असेल तर ते, नाहीतर पेट्रोल मिश्रण. आपल्याकडे तो पर्यायच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच मागणीची याचिका आली होती, ती फेटाळली गेली.

तटस्थ

निवडीचा मुद्दा मलाही पटतो. मिश्रणाला माझा विरोध नाही, पण जुन्या गाडीच्या मालकाला ई१० मिळायला हवं आणि ई२० ची किंमत त्यातल्या ऊर्जेप्रमाणे कमी असायला हवी.

काळीमाती, तुमचा मूळ प्रश्न 'कितपत शहाणपणाचं' हा होता. मक्याचं इथेनॉल उद्या बंद करा असं तुमचं म्हणणं आहे का? उभे राहिलेले प्लांट, त्यांतली माणसं, शिवारकरी यांच्यासारखे शेतकरी, यांचं काय करायचं?

काळीमाती

उद्या बंद करा असं नाही म्हणत. पण चार गोष्टी मला ठामपणे वाटतात आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली म्हणजे २० टक्क्यांच्या पुढे मक्याच्या जोरावर जाऊ नये. आहे तिथे थांबावं आणि मक्याच्या वाट्याला वरची मर्यादा असावी. अमेरिकेत कागदावर ती होती. देशात तूट असेल त्या वर्षी ही मर्यादा आपोआप खाली यावी, म्हणजे आयात करून गाडीत घालायची वेळ येणार नाही आणि पंखपसारांच्या शेडला श्वास मिळेल. उलट भरघोस पीक आलं, भाव हमीभावाखाली गेला, तर त्या वर्षी डिस्टिलऱ्यांनी मकाच आधी उचलावा, गोदामातला तांदूळ नंतर. शिवारकरी दादांचा खरा प्रश्न हाच आहे. भाव पडलेल्या वर्षी इथेनॉल आधाराला यायला हवं, आज ते महागाईच्या वर्षी मका ओढतं आणि मंदीच्या वर्षी तांदळाकडे पळतं.

आणि नवा पैसा दाण्यात न घालता ताटं, पेंढा, बगॅस यांत घालावा. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा प्लांट ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालाय. प्रेअरीवरून यांनी लिहिलेलं अपयश ध्यानात आहे. तंतुमय पदार्थ फोडणं स्टार्च फोडण्यापेक्षा फार अवघड आहे. म्हणूनच त्याला लक्ष्याची सक्ती नको, संशोधनाला पैसा हवा. तोवर लहान गाड्या, दुचाकी, रिक्षा विजेवर नेण्याचं काम थांबायला नको. त्रैराशिक यांचं गणित मला अजून कुणी खोडलेलं दिसलं नाही.

बॉयलरपाशी

यातलं पहिलं आमच्या मालकांना आवडणार नाही, मला चालेल :) मर्यादा आधी माहीत असेल तर प्लांटलाही नियोजन करता येतं. सगळ्यात त्रास होतो तो मध्येच फिरणाऱ्या आदेशांचा. डिसेंबर २०२३ ला एका आदेशानं उसाच्या रसाचे प्लांट थंड पडले होते.

एक भर: बॉयलरला कोळशाऐवजी मक्याची ताटं आणि बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं) वापरणं आजही शक्य आहे. गोळा करणं आणि वाहतूक हीच अडचण. दाणा जिथून येतो तिथूनच ताटं आली तर कार्बनचा हिशोब बराच सुधारेल.

शिवारकरी

बुरकुंडं मळणीवाल्याकडंच पडून राहतात, ती द्यायला कुणाची ना नाही. किलोमागं भाव ठरवा आणि गाडी तुमची पाठवा. पण ताटं मागू नका, ती गोठ्याची आहेत.

प्रेअरीवरून

@शिवारकरी, तुमचं बरोबर आहे. इथेही ताटं किती उचलावीत यावर शेतकरी सावध असतात, कारण ती मातीवर राहिली नाहीत तर धूप वाढते आणि सेंद्रिय कर्ब घटतो. बुरकुंडांचा उपयोग इथे एका प्लांटमध्ये इथेनॉलसाठीच झाला होता, एमेट्सबर्गला, २०१४ पासून काही वर्षं. तोही पुढे थांबला. जाळायला ती चांगली असतात.

त्रैराशिक

@बॉयलरपाशी, एक टन इथेनॉलचा मका शिजवायला, आसवायला आणि चोथा वाळवायला मिळून किती वाफ लागते याचा अंदाज द्याल का? एकरी किती बुरकुंडं निघतात ते शिवारकरी सांगतील. दोन्ही आले की जळणाचा हिशोब जुळतो का ते मांडतो.

बॉयलरपाशी

देतो. उद्या दुसरी पाळी आहे, लॉगबुक बघून लिहितो. चोथा न वाळवता ओलाच जवळच्या गोठ्यांना दिला तर किती वाफ वाचते तेही वेगळं काढतो. माझ्या मते खरी बचत तिथेच आहे, पण ओला माल दोन-तीन दिवसांत आंबतो, त्यामुळे गोठे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतच हवेत.